हणमंतची चाळीस दिवसांची रजा

फायनलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला रोल कॉल झाला. पलटण तेव्हा उत्तरेतल्या एका छावणीत, पीस स्टेशनला होती. चार महिन्यांनी फील्डला, म्हणजे सीमेवरच्या बर्फाच्या डोंगरांत, मूव्ह व्हायचं होतं. रोल कॉलनंतर सुभेदार साहेबांनी दोन्ही टीम वाचून दाखवल्या. आंतर-कंपनी हॉकी, अल्फा विरुद्ध चार्ली, दुपारी साडेतीन. मी लान्स नाईक दत्ता, अल्फाचा सेंटर फॉरवर्ड. चार्लीचा गोलकीपर नाईक हणमंत.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, फौजेत खेळ म्हणजे विरंगुळा. तसं नसतं. कंपनीची फायनल हरली तर कुक हाऊसपासून ऑफिसपर्यंत सगळे महिनाभर खाली मान घालून चालतात. त्यामुळं त्या संध्याकाळी लंगरमध्ये दोन्ही कंपन्यांचे जवान एकमेकांशी बोलत नव्हते. हणमंत आणि मी मात्र एकाच बाकावर जेवलो.

तो माळेगाव बुद्रुकचा. त्याचे वडील साखर कारखान्यात फिटर होते. मी निमगाव केतकीच्या शिवारातला, आमची डाळिंबाची बाग. बारामती-इंदापूर पट्ट्यात पोरं कुस्ती करतात, कबड्डी खेळतात. हॉकीची स्टिक आम्ही दोघांनी पहिल्यांदा पाहिली ती ट्रेनिंग सेंटरमध्ये. उस्तादांनी आम्हाला मैदानाला चार चकरा मारायला लावल्या. मी पहिला आलो म्हणून मला पुढं खेळवलं. हणमंत शेवटून दुसरा आला, पण अंगानं थोराड होता, म्हणून त्याला गोलात उभं केलं. पुढं पलटणीच्या टीममध्ये आम्ही नऊ वर्षं एकत्र खेळलो. कंपनीच्या सामन्यात तेवढे समोरासमोर यायचो.

सामना वेळेवर सुरू झाला. हाफ टाइमला एक-एक बरोबरी होती. चार वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या राइट हाफनं मधून पास दिला आणि मी चार्लीच्या दोन्ही बॅकमधून सुटलो. पुढं फक्त हणमंत. तो गोल सोडून बाहेर आला आणि पॅड आडवे टाकून घसरला. मी चेंडू डावीकडं ओढला, उजवा पाय रोवला आणि वळलो. त्याच वेळी त्याचं सगळं वजन माझ्या त्या पायावर आलं. पाऊल जमिनीत धरलं गेलं होतं, ते जागेवर राहिलं. बाकीचा मी फिरलो.

मला काही ऐकू आलं नाही. हणमंतला आलं. तो गुडघ्यावर बसून माझ्या बुटाकडं बघत होता. बुटाचं टोक भलतीकडंच वळलेलं होतं.

अंपायरनं फाउल दिला नाही. तो बरोबर होता. चेंडू पोस्टच्या बाहेरून गेला. सामना चार्लीनं जिंकला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये त्याच रात्री ऑपरेशन झालं. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती आणि सांधा निखळला होता. सर्जन मेजर साहेबांनी बाहेरच्या बाजूला एक प्लेट आणि आतल्या बाजूला दोन स्क्रू घातले. सकाळच्या राउंडला ते आले तेव्हा मी हॉकीचं विचारलं. त्यांनी चार्ट वाचून संपवला आणि म्हणाले, "सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. हॉकीचं वर्षभरानं विचार."

हॉस्पिटलात मी दोन आठवडे होतो. हणमंत दोन्ही रविवारी आला. स्टुलावर बसायचा, संत्रं सोलून माझ्या हातात द्यायचा आणि पलटणीच्या बातम्या सांगायचा. पायाबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. चूक त्याची नव्हती हे मला माहीत होतं, तरी आला होता. तो गेल्यावर मी ते संत्रं शेजारच्या बेडवरच्या जवानाला देऊन टाकायचो.

सिक लीव्हवर मी घरी आलो ते प्लास्टर आणि कुबड्या घेऊन. मार्च लागला होता. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटर आत आहे, रस्ता मातीचा. कुबडीचं टोक मातीत रुतायचं. ओट्यावर बाज टाकून मी दिवसभर पाय उशीवर ठेवून पडायचो. बागेत वडील आणि दोन गडी छाटणी करत असायचे, त्यांच्या कात्र्यांचा आवाज यायचा. बघायला येणारे बसायचे, चहा घ्यायचे आणि जाताना सांगायचे की आता फौजेत बैठं काम मागून घे. एका जाणत्यानं घोट्याला लावायला तेल आणून दिलं. प्लास्टरवरून ते कसं लावायचं, हे तो सांगून गेला नाही.

महिना असाच गेला. मी पहाटे पाचला उठणारा माणूस, आठला उठायला लागलो. दाढी करणं सोडलं. आईच्या हे लक्षात आलं होतं, तिनं फक्त आरसा आणून बाजेजवळच्या खुंटीला टांगला.

प्लास्टर काढायची तारीख जवळ आली तेव्हा एका सकाळी साडेआठला वस्तीवर मोटरसायकल आली. हणमंत होता. पलटण फील्डला जायच्या आधी त्याला चाळीस दिवसांची रजा मिळाली होती. ती सुरू होऊन एकच दिवस झाला होता.

आई बाहेर आली. तिला एवढंच ठाऊक होतं की खेळताना पाय मोडला. कुणामुळं, हे मी सांगितलं नव्हतं. हणमंतनं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि उभा राहून म्हणाला, "काकू, दत्ताचा पाय माझ्यामुळं मोडला. गोलकीपर मीच हुतो."

आई आत गेली. हणमंत उन्हात तसाच उभा राहिला. मी त्याला बस म्हणालो नाही. बऱ्याच वेळानं आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो त्याच्या हातात दिला.

"तुझ्यापायी मोडलाय," ती म्हणाली, "तर आता चालता बी तूच कर."

"व्हय," हणमंत म्हणाला, आणि पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला मोटरसायकलवर मागं बसवलं, कुबड्या सायलेन्सरच्या उलट्या बाजूला दोरीनं बांधल्या आणि भिगवणला नेलं. तिथून पॅसेंजरनं पुण्याला गेलो. लष्करी हॉस्पिटलात प्लास्टर निघालं. आतला पाय माझा वाटत नव्हता. पोटरी मनगटाएवढी झालेली, कातडी खवल्यांसारखी, घोटा सुजून गोल. मी पाऊल वर उचलायचा प्रयत्न केला. पाऊल हललं नाही. हणमंत खिडकीतून बाहेर बघत होता.

डॉक्टरांनी सिक लीव्ह सहा आठवड्यांनी वाढवली आणि फिजिओथेरपी लिहून दिली. आमच्यासाठी जवळचं म्हणजे बारामती. तिथं एक फिजिओथेरपिस्ट मॅडम होत्या, वयानं आमच्याहून लहान, पण बोलण्यात उस्तादासारख्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं. उजव्या पायाचा अंगठा भिंतीला लावायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. मला जमेना. डाव्या पायानं अंगठा भिंतीपासून चार बोटं मागं ठेवूनही जमत होतं. त्यांनी वहीत लिहिलं: उजवा, शून्य बोटं.

"हॉकी खेळायची आहे म्हणता ना," त्या म्हणाल्या. "मग एकच लक्षात ठेवा. जिना चढता येणं सोपं. ज्या दिवशी कठडा न धरता, एकेका पायरीवर एकेक पाय टाकत जिना उतराल, त्या दिवशी पुढचं बोलू."

त्या दिवसापासून रूटीन लागलं. हणमंत सकाळी सहाला माळेगावहून निघायचा. साडेसातला आमच्या वस्तीवर. तिथून मला घेऊन बारामती. नऊ ते साडेदहा व्यायाम. मग मला परत निमगावला सोडून तो उलटा माळेगावला. बारामतीहून त्याचं गाव अगदी जवळ, तरी त्यानं मला एकदाही घरी नेलं नाही. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, घरी रंगकाम चाललंय.

घरी मी बसल्या जागी पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायचो. फरशीवर पंचा टाकून बोटांनी गोळा करायचो. गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाकायचो. हणमंत घड्याळ लावून समोर बसायचा आणि मोजायचा. दुखलं की मी त्याच्यावर चिडायचो. तो आकडा विसरायचा नाही.

आठवडाभरात मॅडमनी पाण्यात चालायला सांगितलं. छातीभर पाणी, खाली टणक तळ. पाण्यात अंगाचं वजन पायावर पडत नाही, म्हणून चाल लवकर सुधारते. त्यांनी स्विमिंग टँक सुचवला. हणमंत म्हणाला, टँक कशाला, उजनी हाय की. मी म्हणालो, उजनीत गाळ आहे, गुडघ्यापर्यंत पाय जातो. तो म्हणाला, बघू.

त्यानं भिगवणला जाऊन भिवा तात्या म्हणून एक म्हातारे मच्छीमार शोधून काढले. तात्यांचं जुनं गाव धरणात गेलेलं. पाण्याखाली कुठं काय आहे हे त्यांना तळहातासारखं माहीत. त्यांनी आम्हाला होडीत घातलं, किनाऱ्याकडेनं थोडं पुढं नेलं आणि वल्हं सरळ खाली टेकवलं. वल्हं टक्कन वाजलं.

"ह्यो आमच्या गावचा रस्ता," तात्या म्हणाले. "मुरूम आन् खडी. बैलगाड्यांनी दाबून बसलेला. हितं पाय रुतायचा न्हाय."

त्या रस्त्यावर मी पुन्हा चालायला शिकलो. आता क्लिनिक फक्त सोमवारी, बाकीच्या सकाळी भिगवण. एप्रिलचं कोवळं ऊन, छातीपर्यंत पाणी, एका बाजूला हणमंत. तात्या होडीत बसून जाळं निवडायचे आणि मधेच सांगायचे, आता डावीकडं शाळा, आता पार. मी पाण्याखालच्या त्या गावातून रोज वीस चकरा मारायचो. एकदा तात्यांनी आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. चिलापीचं कालवण आणि भाकरी. हणमंतनं पाच भाकऱ्या खाल्ल्या. त्या दुपारी आम्ही ट्रेनिंग सेंटरच्या आठवणी काढून खूप हसलो. माझा राग कधी गेला हे मला सांगता येणार नाही. पण त्या दुपारी तो नव्हता, एवढं नक्की.

पाण्याची पातळी रोज उतरत होती. छातीवरून कमरेवर, कमरेवरून गुडघ्यावर. जसजसं पाणी उतरलं तसतसं वजन पायावर येत गेलं. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, यापेक्षा चांगला व्यायाम मला लिहून देता आला नसता. मे उजाडला तेव्हा मी एक कुबडी सोडली. मग दुसरी. वहीत दोन बोटं झाली, मग अडीच.

आणि एका सोमवारी क्लिनिकचा जिना मी कठडा न धरता उतरलो. अठरा पायऱ्या. हणमंत खाली मोटरसायकलजवळ उभा होता. त्यानं किक मारली आणि म्हणाला, "चल. उशीर झालाय."

रजेचे शेवटचे चार दिवस राहिले होते. दुसऱ्या सकाळी तो येताना दोन स्टिक आणि एक चेंडू घेऊन आला. पळायची मला परवानगी नव्हती, पण चालत चेंडू न्यायला मॅडम हो म्हणाल्या होत्या. आमच्या बागेशेजारी ऊस तुटून गेलेलं एक रान नांगरून, कुळवून सपाट केलेलं होतं. हणमंतनं बांधाकडेला दोन दगड ठेवले, मधे उभा राहिला आणि मला चेंडू आणायला सांगितलं.

मी चेंडू घेऊन निघालो. स्टिकवर चेंडू नीट येत होता. हात काही विसरले नव्हते. पण हणमंत पाच पावलांवर आला आणि मी थांबलो. थांबायचं ठरवलं नव्हतं, पाय थांबला. पुन्हा मागं गेलो, पुन्हा आलो, पुन्हा तिथंच थांबलो. असं सात-आठ वेळा झालं. पॅड नाहीत, वेग नाही, समोर माझाच दोस्त चप्पल घालून उभा, आणि माझ्या अंगाला घाम सुटलेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी स्टिक बांधावर टाकली आणि म्हणालो की आता हे होणार नाही, पाय बरा होईल पण मी खेळाडू म्हणून संपलो. हणमंत माझ्याजवळ येऊन बसला. पायाबद्दल तो माझ्याशी त्या दिवशी पहिल्यांदा बोलला.

"मलाबी तेच हुतंय," तो म्हणाला. "त्या दिसापासनं मी गोलात उभा ऱ्हायलो न्हाय. प्रॅक्टिसला सुभेदार साहेबांनी तीनदा बोलावलं. तीनदा बोट दुखतंय म्हणून सांगितलं. समोरनं कुणी आलं की मला तुझा बूट दिसतो."

मला हे माहीत नव्हतं. तीन महिने मी फक्त माझ्या पायाचा विचार करत होतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तू आला न्हाईस तर मी बाहीर येणार कसा? आन् मी बाहीर आलो न्हाय तर तू जाणार कसा?"

चौथ्या दिवशी, त्याच्या रजेच्या शेवटच्या सकाळी, आम्ही पुन्हा त्या रानात गेलो. मी चालत चेंडू नेला. पाच पावलांवर आलो. हणमंत दगडांमधून एक पाऊल पुढं आला, मग दुसरं. मी चेंडू डावीकडं ओढला, उजवा पाय रोवला आणि वळलो. पाय टिकला. त्याच्या बाजूनं जाऊन मी चेंडू दोन दगडांमधून ढकलला. तो जाऊन बांधाला लागला.

मी पुन्हा मागं गेलो. दहा वाजेपर्यंत आम्ही तेच करत होतो. आई न्याहारीला हाका मारून थकली.

तो गेला. मी जूनमध्ये मेडिकल बोर्डासमोर गेलो. मला सहा महिन्यांसाठी लो मेडिकल कॅटेगरीत टाकलं. पलटण फील्डला गेली आणि मी रिअर पार्टीबरोबर मागं राहिलो. स्टोअरच्या याद्या तपासायच्या, टपाल पुढं पाठवायचं. रोज संध्याकाळी रिकाम्या मैदानावर मी पळायचो. आधी शंभर मीटर, मग एक चक्कर, मग दहा. डिसेंबरमध्ये बोर्डानं मला उजव्या पायावर दहा उड्या मारायला लावल्या, उतारावरून खाली पळवलं आणि शेप वन दिली, म्हणजे पूर्ण फिट. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी पोस्टवर पोचलो.

आमची पोस्ट आणि चार्लीची पोस्ट यांच्यामध्ये एक नाला होता. सरळ रेषेत बाराशे मीटर. बर्फातून चालत दीड तास. हणमंत समोरच्या पोस्टवर होता. सकाळी सातला रेडिओ चेक व्हायचा. सेटवर खाजगी बोलायला मनाई असते. हणमंत ड्युटीवर असला की शेवटी एकच शब्द जास्त बोलायचा.

"पाय? ओव्हर."

"ओके. ओव्हर अँड आउट."

असं तीन आठवडे चाललं.

फेब्रुवारीत चार दिवस सलग बर्फ पडला आणि पाचव्या दिवशी आभाळ उघडलं. त्या सकाळी चार्लीची पाच जणांची लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली वाट तपासणारी तुकडी, नऊ वाजता निघाली. दोरानं बांधलेले, अंतर ठेवून. हणमंत सगळ्यात मागं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी नाल्याच्या वरच्या अंगाला आवाज झाला आणि बर्फाची धूळ उठली. मी मोर्च्यात, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकात होतो. अर्ध्या मिनिटानं सेट वाजला.

"अल्फा, चार्ली पेट्रोल. अव्हलांच. एक मिसिंग. ओव्हर."

"चार्ली पेट्रोल, अल्फा. कोण मिसिंग? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर आली.

"गोलकीपर. ओव्हर."

आमच्या पोस्टवरून आठ जणांची रेस्क्यू पार्टी निघाली. नायब सुभेदार साहेबांनी नावं घेतली तेव्हा माझं घेतलं नाही. मी म्हणालो, "साहेब, मी जातो." त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं. म्हणाले, "चल."

दीड तासाची वाट आम्ही पन्नास मिनिटांत कापली. चौघं बर्फात हातांनी उकरत होते. त्यांच्यातल्या एकानं नंतर सांगितलं की वरच्या कड्याला चीर पडलेली हणमंतनं आधी पाहिली. तो मागून ओरडला, "डावीकडं, खडकामागं." पुढचे चौघं खडकामागं गेले. तो स्वतः उघड्यावर होता. दोर त्याच्या बाजूनं तुटला. गोलात उभ्या असलेल्या माणसाला अख्खं मैदान दिसतं, पुढच्यांना दिसत नाही. नऊ वर्षं तो आम्हाला मागून असाच ओरडून सांगत आला होता.

आम्ही ओळीनं उभं राहून प्रोबच्या सळया खाली घालत गेलो. एक पाऊल, सळई, एक पाऊल, सळई. एक वाजून पंचवीस मिनिटांनी सळई मऊ लागली. दीड मीटर खाली होता. नर्सिंग असिस्टंटनं चाळीस मिनिटं प्रयत्न केले. मग त्यानं घड्याळ पाहून वेळ लिहिली.

स्ट्रेचर आम्ही आळीपाळीनं खाली आणला. मी बदली दिली नाही. उतारभर माझा उजवा पाय एकदाही घसरला नाही. हे मला आज सांगता येतं, त्या दिवशी ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

एस्कॉर्ट म्हणून मी त्याच्याबरोबर माळेगावला आलो. ऊसतोड चालू होती. रस्त्यावरचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या बाजूला घेऊन लोक टोप्या काढून उभे होते. सलामी झाली. त्याच्या वडिलांनी अग्नी दिला. मी तिरंग्याची घडी त्यांच्या हातात दिली आणि सॅल्यूट केला. तिसऱ्या दिवशी मी पोस्टवर परत निघालो.

पलटण खाली आल्यावर मी पुन्हा हॉकी खेळलो. पलटणीसाठी तीन सीझन. पूर्वीसारखा वेग राहिला नव्हता, पण समोरून गोलकीपर आला म्हणून मी कधी थांबलो नाही. हवालदार होऊन पेन्शनवर आलो. प्लेट अजून आत आहे. थंडीत जाणवते.

एक सांगायचं राहिलं. हणमंत गेला त्या वर्षी जूनमध्ये मी रजेवर आलो तेव्हा त्याच्या वडिलांना भेटायला गेलो. त्यांना सगळे आबा म्हणतात. कारखान्यातून रिटायर झाले होते. अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. घराच्या भिंतींचा रंग जुना होता, पोपडे आलेले. रंगकाम कित्येक वर्षांत झालेलं नव्हतं.

आबा इकडचं तिकडचं बोलले. मग हणमंतच्या शेवटच्या रजेवर आले.

"चाळीस दिस हुता," ते म्हणाले. "पन घरात ऱ्हायलाच न्हाय. पहाटं गाडी काढायचा, दुपारपतुर पत्ता नसायचा. ईचारलं तर काम हाय म्हनायचा. त्याच्या आईला वाटायचं, आपलं कायतरी चुकलं. पोराचं घरात मन रमत न्हाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. फायनल, घोटा, बारामती, भिगवणचं पाणी, उसाचं रान. त्यानं घरी का सांगितलं नसेल हेही सांगितलं. आपल्या हातून कुणाचा पाय मोडला, हे वडिलांना सांगायला तो धजला नसणार. शेवटी मी म्हणालो, "आबा, ती रजा तुमची होती. ती मी वापरली."

आबांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. घरातून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला होता. हणमंतची आई दाराशी येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मग आबा म्हणाले, "कंचा पाय?"

"उजवा."

"चप्पल काढ. त्या फाटकापतुर जा आन् परत ये."

मी चप्पल काढली. अंगणातून फाटकापर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. आबा खुर्चीत पुढं वाकून माझं पाऊल बघत होते. मशीनचा जोड बघावा तसं, बारकाईनं. हणमंतची आई दारातून बघत होती.

"पुन्यांदा," आबा म्हणाले.

मी पुन्हा गेलो आणि आलो.

"बरोबर बसलाय," आबा म्हणाले. मग दाराकडं वळून बायकोला म्हणाले, "बघितलंस का? पोरगं कामालाच जात हुतं."